चौथी-पाचवीच्या मुलांना समुद्राच्या पाण्याची हालचाल आणि खारेपणा कसा शिकवावा?

तुम्ही विचारलंय की ‘क्षारता’ आणि ‘सागरी प्रवाह’ यांच्या व्याख्या मुलांना पाठ होतात, पण पाणी हलतं कशामुळे हे सांगता येत नाही, तर वर्गात काय करून दाखवावं. माझं मत स्पष्ट आहे: प्रवाहांच्या नकाशापासून सुरुवात करूच नका, वजनापासून करा. तेवढ्याच मापाचं खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड असतं, हे एकदा मुलांनी हाताने अनुभवलं की पुढचं बरंचसं ती स्वतः काढतात.

965 ग्रॅम पाण्यात 35 ग्रॅम मीठ विरघळवा. हे झालं समुद्राच्या सरासरी खारेपणाचं एक किलो पाणी. अर्ध्या लिटरची एकच बाटली आधी साध्या, मग या पाण्याने काठोकाठ भरून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. फरक 12 ग्रॅमच्या आसपास दिसेल. साध्या तराजूवर तो जाणवत नाही, म्हणून डिजिटल काटाच हवा.

आता मुख्य प्रयोग. सारख्या तोंडाच्या दोन काचेच्या बरण्या, लॅमिनेट केलेलं एक कार्ड आणि खाली परात. या प्रयोगाला मीठ जास्त लागतं, अर्ध्या लिटरला 50 ग्रॅम, म्हणजे परिणाम लगेच दिसतो. खाऱ्या पाण्यात निळा खायचा रंग दोन थेंब, गोड्यात पिवळा. दोन्ही बरण्या पाणी सांडेपर्यंत भरा. गोड्या पाण्याच्या बरणीवर कार्ड दाबून ती उलटी करा, खाऱ्या पाण्याच्या बरणीवर तोंडाला तोंड लावून ठेवा आणि कार्ड हळूच ओढून काढा. निळा खाली, पिवळा वर, जवळजवळ हलत नाहीत. मग बरण्या पुन्हा भरून खारं पाणी वर ठेवा. कार्ड निघताच निळं पाणी झपाट्याने खाली उतरतं आणि सगळं हिरवं होतं. कार्ड काढण्याआधी प्रत्येक मुलाकडून अंदाज वहीत लिहून घ्या. तोंडी विचारलं तर सगळे हुशार मुलाचीच री ओढतात.

फसतं कुठे? बरणी काठोकाठ भरली नाही तर हवेचा बुडबुडा वर धावतो आणि त्यानेच पाणी ढवळलं जातं. मीठ लवकर विरघळावं म्हणून गरम पाणी घेतलं आणि थंड होऊ दिलं नाही, तर उष्णता पाणी हलकं करते आणि मीठ जड. मीठ कमी असेल तर खारं पाणी चक्क वर राहतं. दोन्ही पाणी वर्गाच्याच तापमानाला आणा. बारीक आयोडीनयुक्त मिठाने पाणी गढूळ दिसतं; अर्धा तास स्थिर ठेवून वरचं निवळ पाणी घ्या. रंगासाठी हळद नको, ती पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसते.

दुसऱ्या दिवशी रंगीत बर्फाचे सारखे खडे एका गोड्या आणि एका खाऱ्या पाण्याच्या ग्लासात सोडा. मुलं बहुतेक म्हणतील, मिठात बर्फ लवकर वितळेल. होतं उलटं. गोड्या पाण्यात वितळलेलं थंड पाणी धारेने तळाशी जातं आणि बर्फाभोवती सतत कोमट पाणी येत राहतं. खाऱ्या पाण्यात तेच वितळलेलं पाणी वरच साचतं आणि बर्फ थंड थरात अडकून राहतो. ध्रुवांजवळ काय घडतं ते इथेच सांगा: समुद्र गोठताना बहुतेक मीठ खालच्या पाण्यातच उरतं, ते थंड आणि खारं, म्हणून जड पाणी बुडतं आणि समुद्राच्या तळाने दूरवर जातं.

वाऱ्याने वाहणाऱ्या प्रवाहासाठी परातीत पाणी, वर मिरपूड आणि स्ट्रॉने आडवी फुंकर पुरेशी. लाटा आणि भरती-ओहोटी मात्र त्याच दिवशी घेऊ नका. लाटा वाऱ्याच्या, भरती चंद्र-सूर्याच्या ओढीची, आणि आपण शिकवतोय ते प्रवाह. तिन्ही एकत्र आले की मुलं सगळ्यालाच ‘लाटा’ म्हणतात.

यानंतर भारताचा नकाशा उघडा. बंगालचा उपसागर अरबी समुद्रापेक्षा कमी खारा का, हा प्रश्न आता मुलांनाच सोडवू द्या. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, कृष्णा यांचं पाणी आणि भरपूर पाऊस पूर्वेला; पश्चिमेला पावसापेक्षा बाष्पीभवन जास्त. महाराष्ट्रातल्या मुलांना त्र्यंबकेश्वर आणि महाबळेश्वर शोधायला सांगा. दोन्ही अरबी समुद्राजवळ, तरी तिथे उगम पावणाऱ्या गोदावरी आणि कृष्णा जातात पूर्वेला, हे बोटाने रेघ ओढताना त्यांना फार आवडतं. हिवाळ्यात याच उपसागराचं कमी खारं पाणी आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या प्रवाहाबरोबर उत्तरेकडे येतं, आणि पावसाळ्यात तो प्रवाह उलटा, दक्षिणेकडे वाहतो.

बाष्पीभवन दाखवायचं तर वजनाच्या प्रयोगातलं पाणी काळ्या पसरट ताटलीत उन्हात ठेवा. हे पावसाळ्यात करू नका, दमट हवेत पाणी फार हळू आटतं. कोकणातली मिठागरंही पावसाळ्यात बंद असतात.

शेवटी समज तपासायला एकच प्रश्न द्या: जुलैमध्ये, भरतीच्या वेळी, खाडीच्या मुखाजवळ एक बादली वरून आणि एक तळाजवळून पाणी काढलं, तर जास्त खारं कोणतं आणि का? उत्तर शब्दांत नको, चित्रात मागा. ज्याने नदीचं पाणी वर आणि समुद्राचं खाली काढलं त्याला समजलं. ज्याने उलटं काढलं त्याच्यासोबत पुन्हा दोन बरण्या भरा.