कमांड घेऊ की निघू?

समुपदेशनासाठी मला केलेल्या पहिल्या फोनवर तो म्हणाला होता, "मॅडम, मी सेल्समध्ये आहे. झोप लागत नाही." गडी विमान उडवतो हे मला तिसऱ्या भेटीत कळलं. रोख पैसे द्यायचा, पावती घ्यायचा नाही. वैमानिकांना क्लास वन मेडिकल, म्हणजे लायसन्ससाठीची वैद्यकीय तपासणी, पुन्हापुन्हा द्यावी लागते. तिथे 'समुपदेशन' हा शब्द निघाला तर लायसन्स गेलंच, अशी त्याची ठाम समजूत.

त्याला सारंग म्हणू. नाव आणि तपशील बदलले आहेत. वय 29, जळगावकडचा. आप्पांनी शेत गहाण ठेवून शिकवलं. 2019 च्या सुरुवातीला कमर्शिअल लायसन्स हातात आलं आणि एप्रिलमध्ये जेट एअरवेज बंद पडली. हजारो तासांचा अनुभव असलेले वैमानिक नोकरीच्या रांगेत, आणि त्यांच्या मागे दोनशे तासांचा हा. मग कोविड आला. शेवटी 2022 मध्ये एका प्रादेशिक कंपनीत एटीआर-72 वर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट, म्हणून लागला. सत्तरेक सीटांचं, बाहेर पंखा दिसणारं विमान.

तो पंखाच त्याच्या डोक्यात फिरत होता. लग्नाच्या बैठकीत मुलीच्या मामाने विचारलं होतं, "मोठ्या विमानात कधी जाणार?" बॅचमेट एअरबसच्या कॉकपिटमधले फोटो टाकायचे आणि हा रात्री दोन वाजता ते बघत बसायचा. सकाळी साडेपाचचं रिपोर्टिंग असलं तरी.

"छोट्या विमानात अडकलो तर नाही ना?" प्रादेशिक कंपन्यांतल्या मुलांकडून हा प्रश्न मी बऱ्याचदा ऐकलाय. एक चूक आधी कबूल करते. मी त्याला घाईघाईने म्हणाले, "अरे, थांब की थोडं. कॅप्टन हो, मग जा." तो हसला. त्याने जे सांगितलं ते ऐकून मला माझ्या सल्ल्याची लाज वाटली.

कंपनीने नुकतंच कमांडसाठी त्याचं नाव काढलं होतं. म्हणजे कॅप्टनची डावी सीट, चार पट्ट्या, पगारात मोठी उडी. पण 2017 मध्ये डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, कमांडरचा नोटीस पिरियड वाढवून एक वर्ष केला; को-पायलटला सहा महिने. त्याच्या करारातही हेच, वर कमांड ट्रेनिंगचा नवा बाँड, म्हणजे ठरावीक काळ कंपनी न सोडण्याची हमी. दुसरीकडे एका मोठ्या कंपनीची निवड परीक्षा पुढच्या महिन्यात. मोठ्या कंपनीत सीनिऑरिटी रुजू झाल्याच्या तारखेपासून मोजतात. आधीचे तास लॉगबुकात राहतात, कॅप्टन व्हायच्या रांगेत मात्र शेवटी उभं राहायचं. 2023 मध्ये एअर इंडियाने 470 आणि इंडिगोने 500 विमानांची ऑर्डर दिली. ती विमानं येत राहणार, तर आज रांगेत शिरलेला उद्या पुढे असणार. म्हणजे 'थांब' हा सल्लाही फुकट नव्हता. त्याचीही किंमत होती आणि ती त्यालाच मोजायची होती.

मग झोप का उडाली होती? हिशोब तर त्याला माझ्यापेक्षा चांगला येत होता. मी विचारलं, "राजीनामा लिहून ठेवलायस का?" तो गप्प. मोबाइलच्या ड्राफ्टमध्ये होता, तारखेसकट. निवड परीक्षेच्या आधीची तारीख.

इथे मी अडले. वर्षभरापूर्वी अशाच एका निवडीत तो सिम्युलेटरमध्ये नापास झाला होता, हे आप्पांनाही माहीत नव्हतं. परत नापास झालो तर परतायला जागाच नको, म्हणून तो आधीच दोर कापायला निघाला होता. याला मी धाडस म्हणणार नाही. शरमेतून आलेली घाई होती ती. शेतावरचं कर्ज अजून तीन वर्षांचं होतं.

आम्ही कमांड की जेट हा वाद बाजूला ठेवला आणि फक्त क्रम ठरवला. आधी निवड, मग ऑफर लेटर, मग राजीनामा. कमांड ट्रेनिंगसाठी कंपनीकडे दोन महिने मागायचे. नाही म्हणाले तर तेव्हा बघू. मागायची हिंमत करायला त्याला तीन आठवडे लागले. ट्रेनिंग मॅनेजर एका वाक्यात हो म्हणाले.

आणि आप्पांना सांगायचं. ते त्याने घरी जाऊन सांगितलं. आप्पांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "त्या पंख्याच्या आत काय असतं रे?" आत टर्बाइनच असतं, जेटसारखंच, तेच पंखा फिरवतं. हे समजावताना अर्धा तास गेला. त्या रात्री तो सात तास झोपला, असं त्याने मला मुद्दाम कळवलं.

निवड झाली. सध्या तो सहा महिन्यांची नोटीस भरतोय, त्याच एटीआरवर. पुढे टाइप रेटिंग, म्हणजे नव्या विमानाची परवानगी, मग सिम्युलेटर, मग प्रवासी घेऊन लाइन ट्रेनिंग. वर्षभर पुन्हा विद्यार्थी. मेडिकलच्या फॉर्ममध्ये काय लिहू, असं त्याने विचारलं, तेव्हा मी म्हणाले, जे विचारलंय त्याचं खरं उत्तर लिही. लपवलेलं नंतर जड जातं. त्याने लिहिलं. डॉक्टरांनी झोपेबद्दल चारपाच प्रश्न विचारले आणि फिट दिलं.

गेल्या आठवड्यात एका अनोळखी मुलाचा फोन आला. "मॅडम, मी सेल्समध्ये आहे..."

मी विचारलं, "बेस कुठल्या विमानतळावर?"