फोन कुणाला लावता?

टिळकवाडी, बेळगाव
श्रावणातला पहिला रविवार

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझी प्रश्नावली पोचली. तुझ्या गाईड माझ्या विद्यार्थिनी, म्हणजे नात्याने मी तुझा आजेगुरू लागतो. तेव्हा आधी कौतुक करायला हवं. विषय चांगला निवडलायस. विद्यापीठ आणि गाव यांच्यात ये-जा करणारा प्राध्यापक ओळखायचा कसा, त्याच्या अंगी नेमकं काय असतं, हे मोजायला निघालीस. कौतुक झालं. आता विधान क्रमांक तीन.

'मी समाजासाठी नियमित वेळ देतो.'

हे विधान घेऊन तू खानापुरात किंवा निपाणीत एखाद्या प्राध्यापकापुढे बसलीस, की त्याच्या डोळ्यांपुढे काय येईल? समाजाचं कार्यालय, समाजाचा वधू-वर मेळावा, समाजाचं वसतिगृह. आपल्याकडे बोलण्यात 'समाज' म्हणजे बहुतेक वेळा जात. कन्नडमध्येही 'नम्म समाज' म्हटलं की तेच. जातीच्या पतपेढीचा खजिनदार असलेला माणूस तिथे बेलाशक 'पूर्ण सहमत' करेल, आणि त्यात तो खोटं बोलत नसेल. चूक तुझ्या विधानाची आहे. 'माझ्या नात्यागोत्यातली किंवा जातीतली नसलेली माणसं' असं लांबलचक लिही. वाक्य बेढब झालं तरी चालेल.

दुसरा शब्द 'सीमा'. ज्या इंग्रजी संकल्पनेवरून तू निघालीस, तिचं शब्दशः भाषांतर 'सीमा ओलांडणारा' असं होतं, आणि तू ते केलंयस. अगं, बेळगावात बसून 'सीमा' लिहितेस? इथे त्या शब्दाला एकच अर्थ आहे आणि तो महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाच्या खटल्याचा आहे. 'आपण सीमा ओलांडता का?' असं विचारलंस तर माणूस आधी दार लावून घेईल. 'दुवा' म्हण, 'ये-जा' म्हण. तुझ्या कागदावर 'बेळगावी' छापलंय, २०१४ पासून तेच अधिकृत आहे, ते राहू दे. माझ्या तोंडातलं बेळगाव काही जात नाही.

चौकटीबद्दल थोडक्यात. वीर्ट्स आणि सँडमन या संशोधकांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या सहा संशोधन विद्यापीठांचा अभ्यास करून चार भूमिका मांडल्या, त्या तू घेतल्यास: गावात जाऊन प्रश्न सोडवणारा, विषयाचा तज्ज्ञ, संस्थेच्या आत या कामासाठी भांडणारा, आणि वरच्या पातळीवर त्याचा झेंडा धरणारा. चांगल्या आहेत. पण त्या भूमिका आहेत. तू मोजायला निघालीस गुण. भूमिका प्राचार्य एका परिपत्रकाने देऊ शकतात. एनएसएसचा चार्ज कुणाच्या गळ्यात कसा पडतो ते तू पाहिलंयसच. गुण परिपत्रकाने येत नाही. हे दोन तुझ्या प्रश्नावलीत एकमेकांत मिसळलेत.

आता माझी फजिती सांगतो.

नव्वदच्या दशकात मीही अशीच एक मापनी, म्हणजे गुण मोजायची प्रश्नावली, केली होती. तेव्हा माझ्या ओळखीचे रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक होते. एकदा त्यांच्याबरोबर खानापूरला एका कुंभाराकडे गेलो. जुलै महिना, पागोळ्या गळत होत्या, आम्ही ओसरीवर पोत्यावर बसलेलो. कुंभाराने एक मडकं पुढे ठेवलं. अंगावर चार-पाच ठिकाणी टवके उडालेले, आणि प्रत्येक खळग्याच्या तळाशी एक पांढरा ठिपका.

"सर, भट्टीतनं काढताना झ्याक असतंय बघा. पावसाळा लागला की फुटाय लागतंय."

सरांनी तो ठिपका नखाने खरवडला, बोटावर चोळला आणि विचारलं, "हे कधीपासनं?"

"नव्या जागेची माती आणल्यापासनं."

मग सरांनी सांगितलं: मातीत चुनखडीचे बारीक खडे आहेत. भट्टीत ते भाजले की त्यांचा कळीचा चुना होतो. पुढे दमट हवा लागली की तो चुना पाणी ओढतो, फुगतो आणि वरचा पापुद्रा उडवतो. माती अजून बारीक चाळणीने चाळा. कुंभार जरा गप्प राहिला आणि म्हणाला, "माझा आजा भट्टीतनं काढलेलं मडकं आधी पाण्यात बुडवून काढायचा. का म्हणून विचारलं तर सांगायचा नाही."

सरांनी खिशातनं डायरी काढली. भाजलेला चुना पाण्यात लगेच विरवून टाकला तर नंतरचं फुगणं कमी होतं, ही युक्ती विटांच्या धंद्यातही आहे. पण त्या ओसरीवर ती शिकवणारा कुंभार होता आणि लिहून घेणारे सर. पुढच्या वर्षी त्यांच्या बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला खानापूरच्या मातीतला चुना काढायचा प्रयोग आला. आणि ते पुन्हा खानापूरला गेले, बुडवलेल्या मडक्यांचं काय झालं ते बघायला.

माझी मापनी त्यांनी भरली. जवळजवळ सगळीकडे पाचपैकी ३. "मी कुठे काय करतो? जाऊन बसतो झालं." त्याच महिन्यात दुसऱ्या एका गृहस्थांनी ती भरली, ज्यांचं एकूण समाजकार्य बॅनर, नारळ आणि फोटो एवढ्यात आटपायचं. सगळीकडे ५. माझ्या आकडेमोडीत ते पहिले आले आणि मातीत हात घालणारे सर खालून तिसरे. त्यावर माझा अल्फा, म्हणजे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, ०.९३ होता आणि मी तो मोठ्या ऐटीत प्रबंधात छापला.

त्या अल्फाचं सांगतो, कारण तुझ्याही टिपणात तू त्याच्यावर विसंबलीयस. क्रॉनबॅकचा अल्फा प्रश्न वाढवले की आपोआप फुगतो. ४२ प्रश्न असतील आणि त्यांच्यातला सरासरी सहसंबंध ०.२ इतका फिका असेल, तरी अल्फा ०.९१ येतो. कागद काढ आणि करून बघ. एकच गोष्ट बेचाळीस तऱ्हांनी विचारली तर आकडा त्याहून देखणा येईल. आपण भलतंच काही मोजत असलो तरी अल्फा ते सांगत नाही.

म्हणून माझं मुख्य सांगणं एवढंच: प्राध्यापकाला विचारून थांबू नकोस, पलीकडे जाऊन विचार. निपाणीच्या विडी कामगार बाया, शहापूर-वडगावचे विणकर, येळ्ळूरचे बासमती लावणारे शेतकरी, आशाताई, ग्रामपंचायतीचा पीडीओ, म्हणजे विकास अधिकारी. त्यांना मापनी देऊ नकोस. एकच विचार: "अडचण आली तर कॉलेजातल्या कुणाला फोन लावता?" आणि लगेच दुसरं: "शेवटचा कधी लावला? उचलला का?" नावं आली की गुप्त ठेव, सांकेतिक क्रमांक दे. मग ज्यांची नावं तीन-चार ठिकाणांहून आली त्यांचे मापनीतले गुण आणि ज्यांचं नाव कुणीच घेतलं नाही त्यांचे गुण, शेजारी शेजारी मांड. तुझी मापनी या दोन गटांत फरक दाखवू शकली तर ती कामाची. नाही दाखवला तर प्रश्न बदल, गावकऱ्यांना दोष देऊ नकोस.

प्रश्न लिहिताना मताऐवजी कृती विचार. 'मला गावकऱ्यांचं ज्ञान मोलाचं वाटतं' याला नाही कोण म्हणेल? 'गेल्या वर्षभरात गावात ऐकलेली एखादी गोष्ट मी वर्गात किंवा संशोधनात आणली: एकदाही नाही, एकदा, दोन-तीनदा, त्याहून जास्त' असं विचार. 'ज्या गावात काम केलं तिथे काम संपल्यावर परत गेलो' हेही. २०१९ च्या पुरातल्या मदतीबद्दलचं तुझं विधान काढून टाक. त्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा तिन्हींचं पाणी चढलेलं. ब्लँकेटं सगळ्यांनीच वाटली. ज्यावर सगळे ५ देतात ते विधान कुणालाच कुणापासून वेगळं करत नाही.

नकारार्थी विधानं घातलीयस, 'मला गावात बोलणं अवघड जात नाही' अशी. त्याला 'असहमत' म्हणायचं तर डोक्यात दोन नकार फिरवावे लागतात. मराठीत घोटाळा होतो, कन्नडात तर विचारूच नकोस. सरळ लिही.

कन्नड प्रतीसाठी एकाने मराठीतून कन्नड करावं आणि मूळ प्रत न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत मराठीत आणावं. दोन मराठी प्रती शेजारी ठेवल्या की कुठे पाय घसरला ते दिसतं. माहिती आली की दोन्ही भाषांतल्या उत्तरांत एखादं विधान वेगळं वागतंय का ते तपास, नाहीतर भाषेतला फरक तू माणसांतला फरक म्हणून छापशील.

प्रत्येक विधान आवश्यक आहे का ते ठरवणाऱ्या तज्ज्ञांच्या पॅनेलवर तू दहा प्राध्यापक घेतलेस. त्यातले चार काढ. मत्तिकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रातलं कुणी, बचत गट चालवणारी बाई, एखादा पंचायत सदस्य आणि निवृत्त मराठी शाळामास्तर घे. लॉशेच्या १९७५ च्या सूत्राने दहा जणांच्या पॅनेलला किमान गुणोत्तर ०.६२ लागतं, आठ जणांनी 'आवश्यक' म्हटलं तर ०.६० भरतं, म्हणजे विधान बाद. नऊ लागतात. पंचायत सदस्य आणि बचत गटवाली दोघंही नको म्हणाली तर तुझं विधान पडतं. पडू दे.

गेस्ट लेक्चररांचं विसरू नकोस. वर्षावर्षाच्या नेमणुकीवरचा माणूस, दोन कॉलेजांत तास घेऊन शेवटची बस गाठणारा, गावात कधी जाणार? त्याचे गुण कमी आले म्हणून त्याच्यात गुण नाही असं लिहू नकोस. नेमणुकीचा प्रकार, आठवड्याचे तास, घर ते कॉलेज अंतर हे पहिल्याच पानावर विचार आणि विश्लेषणात धर.

हे सगळं मोजायचं कशासाठी, तेही तुझ्या पहिल्या प्रकरणात धूसर आहे. अध्यापन आणि संशोधनाच्या जोडीला विस्तारकार्य हे विद्यापीठाचं तिसरं अंग, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) १९७७ सालीच म्हटलं. कॉलेजांचं मूल्यांकन करणारं नॅक त्यावर गुण देतं, पण मोजतं कार्यक्रम: किती झाले, किती विद्यार्थी होते, जिओटॅग केलेले फोटो कुठे आहेत. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत 'आउटरीच' नावाला दहा टक्के वजन आहे, पण त्याखाली पाहतात ते मुख्यतः विद्यार्थी कुठल्या राज्यांतले, मुली किती, गरीब किती, दिव्यांगांना सोयी काय. महत्त्वाच्याच गोष्टी, पण खानापूरच्या ओसरीवरचे सर त्यात कुठेच येत नाहीत. तुझी जागा तिथे आहे, ते लिही. आणि ही मापनी बढतीसाठी वापरू नये असं स्पष्ट लिही. २०१० मध्ये बढतीसाठी एपीआयचे गुण आले तेव्हा मी नोकरीत होतो. सर्टिफिकेटांच्या फायली किती जाड झाल्या आणि गावं किती रिकामी राहिली, ते मी पाहिलंय.

पुढच्या रविवारी ये. पायलटला, म्हणजे आधीच्या चाचणीला, दहाच फॉर्म भरून आण, पाच मराठी, पाच कन्नड, आणि भरणारा कुठल्या विधानावर थांबला, कुठे हसला ते समासात पेन्सिलीने लिहून ठेव. फोनचा प्रश्न मात्र त्याआधी तुझ्या स्वतःच्या गावात विचारून बघ. तुझ्या वडिलांपासून सुरुवात कर. गेल्या वर्षी भातावर करपा पडला तेव्हा त्यांनी कुणाला फोन लावला होता?

तुझा,
आजेगुरू

ता. क. येताना कुंदा आणू नकोस, डॉक्टरांनी बंद केलाय. आणलासच तर हिच्या हातात देऊ नकोस.