गवत कापलं की पट्टी तयार होते का?

प्रश्न : राहुरीजवळच्या आमच्या शेतात मामांनी वीसेक वर्षांपूर्वी अल्ट्रालाइट या छोट्या, हलक्या विमानासाठी ३०० मीटरची गवताची धावपट्टी केली होती. मामा गेले, विमान विकलं, आता तिथे शेळ्या चरतात. मामेभावाच्या पुण्याच्या मित्राकडे ट्राइक आहे, म्हणजे तीन चाकांचं, कापडी पंखाचं अल्ट्रालाइट. त्याला भावाने शब्द देऊन टाकलाय : 'दिवाळीनंतर ये, तुझं ट्राइक इथेच उतरव. गवत कापलं की झालं.' खरंच एवढंच असतं का?
– एक वाचक, राहुरी

उत्तर : नाही हो ताई. गवत कापणं हे सगळ्यात सोपं काम. निम्मं आयुष्य मी या हलक्या विमानांच्या रोटॅक्स इंजिनांच्या तेलात हात घालून काढलंय, आणि पट्टीवर मोडलेली चाकं मला हवेत बंद पडलेल्या इंजिनांपेक्षा जास्त दिसली. त्यातलं एक माझंच. कापलेलं, छान हिरवं गवत बघून उतरलो, पुढचं चाक घुशीच्या बिळात गेलं आणि ट्राइक नाकावर बसलं. दोष कुणाचा? आदल्या दिवशी चालत न गेलेल्या माणसाचा.

तुमची जमीन बहुतेक काळी असणार. पावसाळ्यात तिचा चिखल, दिवाळीला वरून कडक खपली आणि आत मऊ, मार्चनंतर भेगा. मामा रोलर फिरवत असतील, उंदीर-घुशींवर लक्ष ठेवत असतील. ते थांबलं की दोन-तीन पावसाळ्यांत पट्टीचं पुन्हा रान होतं. शेळ्यांचं मात्र बरं वाटलं, त्या गवत आखूड ठेवतात.

आता लांबीचं. मित्राला विचारा, त्याच्या ट्राइकच्या पुस्तकात उड्डाण करून १५ मीटर उंची गाठायला किती अंतर दिलंय. १८० मीटर धरू. हा आकडा समुद्रसपाटीचा, कोरड्या आणि कडक धावपट्टीचा. ब्रिटनच्या विमान प्राधिकरणाचा ठोकताळा असा, की कोरड्या गवतावर त्यात २० टक्के वाढवा, म्हणजे २१६. गवत ओलं असेल तर ३० टक्के. दर ३०० मीटर उंचीला आणखी १० टक्के. राहुरी ५०० मीटरच्या आसपास, म्हणजे झाले २५० च्या वर. शिवाय सुरक्षिततेसाठी सगळ्याला १.३३ ने गुणा, असं तेच सांगतात. उत्तर येतं ३३५ च्या पुढे. तुमची पट्टी ३००. उन्हाचा हिशेब मी अजून धरलेलाच नाही.

आणि ती ३०० तरी उरलीय का? मामांच्या वेळी टोकाला नसलेली बाभूळ आता आठ मीटर झाली असेल. तिच्यावरून सहा मीटर पुढे जाताना एक मीटर खाली, अशा उताराने आलात तर पहिले ४८ मीटर हवेतच गेले. दुसऱ्या टोकाला कुणी पंपासाठी वीज ओढलीय का, तेही बघा. वरून खांब दिसतो, तार दिसत नाही.

कागदांचंही सांगतो. १९३४ चा कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झालाय. मामांच्या फायलीतल्या जुन्या पत्रांवर भागेल असं धरू नका. मित्राच्या ट्राइकवर 'व्हीटी'ने सुरू होणारी भारतीय नोंदणी आहे का, त्याचा परवाना चालू आहे का, हे आधी बघा. जागेबद्दल नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला (डीजीसीए) लेखी विचारा आणि जिल्हाधिकारी कार्यालयातही जाऊन या. शेत आपलं, पण वरचं आभाळ सातबाऱ्यावर नसतं.

हे सगळं जमलं तर मामेभावाला पट्टीवरून मोटरसायकल चालवायला सांगा, ताशी ४० ने, मागे कुणाला तरी बसवून. मागचा ओरडला तिथे चुन्याची फक्की टाका. पट्टीवर अशा दहा खुणा झाल्या तर मित्राला जेवायला बोलवा, गाडीने.

तोवर मामांचा विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, खांबावर असेल तर काढून ठेवा, आणि पट्टीच्या दोन्ही टोकांना पांढरी मोठी फुली मारा. वरून जाणाऱ्याला ती वाचता येते : पट्टी बंद आहे, उतरू नका.