बंध तुटताना ऊर्जा मिळते की लागते?

लागते. कोणताही रासायनिक बंध घ्या, तो तोडायला ऊर्जा द्यावीच लागते. तुम्ही विचारलंत, मुलीच्या दोन वह्यांत याची दोन उलट उत्तरं आहेत, मग बरोबर कोणतं? रसायनशास्त्राच्या वहीत वरचंच लिहिलंय. जीवशास्त्राच्या वहीतलं ‘एटीपीचा बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते’ हे वाक्य अर्धवट आहे (एटीपी म्हणजे पेशींना ऊर्जा पुरवणारा रेणू). मी पुण्यात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते आणि हाच गोंधळ दरवर्षी चांगल्या हुशार मुलांच्या डोक्यातही असतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पुण्यात आता बऱ्याच घरांत पाइपने गॅस येतो. तो मुख्यतः मिथेन. हवेत ऑक्सिजन असूनही तो आपोआप पेटत नाही, कारण आधी काही बंध तुटावे लागतात. ती पहिली ऊर्जा लायटरची ठिणगी देते, पुढची ज्योतच पुरवते. आता हिशोब मांडू. एक मोल (म्हणजे रेणूंची एक ठरावीक संख्या) मिथेनमधले चार कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला ४ × ४१३ = १६५२ किलोजूल. दोन मोल ऑक्सिजनसाठी २ × ४९८ = ९९६. एकूण खर्च २६४८. मग नवे बंध जुळतात: कार्बन डायऑक्साइडचे दोन, २ × ७९९ = १५९८; पाण्याच्या वाफेचे चार, ४ × ४६३ = १८५२. जमा ३४५०. वर उरले ८०२ किलोजूल, त्यावर आपला कुकर शिट्ट्या देतो. म्हणजे उष्णता आली ती बंध जुळताना. (ही सरासरी मूल्यं आहेत, पुस्तकागणिक थोडी इकडेतिकडे होतात.)

स्फोटकांचंही तसंच. पाषाणजवळ सुतारवाडीला डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेची एचईएमआरएल ही प्रयोगशाळा याच विषयावर काम करते. टीएनटी या स्फोटकात नायट्रोजन तुलनेने कमकुवत बंधांनी धरलेला असतो. स्फोटात त्याचा नायट्रोजन वायू होतो आणि तिथला तिहेरी बंध जुळताना मोलमागे तब्बल ९४५ किलोजूल बाहेर पडतात.

आता एटीपी. त्याचा शेवटचा फॉस्फेट सुटताना फॉस्फरस-ऑक्सिजन बंध तुटतो, पाण्याचाही एक बंध तुटतो, आणि दोन्हीकडे नवे बंध जुळतात. शिवाय एकमेकांना ढकलणारे ऋणप्रभार लांब जातात, सुटलेला फॉस्फेट जास्त स्थिर होतो, पाण्याचे रेणू त्याला वेढतात. या सगळ्याची वजाबाकी करून प्रमाण स्थितीत मोलमागे साधारण ३० किलोजूल मुक्त ऊर्जा, म्हणजे कामाला लावता येणारी ऊर्जा, हाती येते. पाण्याशी होणाऱ्या या अभिक्रियेला जलअपघटन म्हणतात, म्हणून मुलीला ‘एटीपीच्या जलअपघटनातून ऊर्जा मिळते’ असं लिहायला सांगा. ते दोन्ही विषयांच्या पेपरात बरोबर आहे.