विचारा, सांगते : नोंदी तुमच्या की प्रोग्रॅमच्या?

मागच्या अंकात मोबाइलवरच्या बायबलबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, पत्रांचा पाऊस पडला. नाना पेठेत बावीस वर्षं डीटीपीचं दुकान चालवलं, चर्चच्या मंडळ्यांची पत्रकं आणि लग्नपत्रिका जुळवल्या, म्हणून लोक मला कॉम्प्युटरवाली समजतात. मी मुळात अक्षरं जुळवणारी बाई आहे. उत्तरंही त्याच नजरेतून येतील.

प्रश्न : मी खडकीच्या एका लहान मंडळीचा पाळक. २००४ मध्ये बायबल अभ्यासाचा एक इंग्रजी प्रोग्रॅम सीडीवर घेतला. तेव्हापासूनच्या उपदेशांच्या सगळ्या नोंदी त्यातच आहेत. आता मुलगा म्हणतो, जुनं काढून टाका आणि दरमहा वर्गणीचं नवीन घ्या. खरंच एवढी सुधारणा झाली आहे का, की नुसता रंग दिलाय?

उत्तर : पाळकसाहेब, सलाम. सुधारणा झाली आहे, पण जाहिरातीत दिसते तिथे नाही.

अख्खं इंग्रजी बायबल साधा मजकूर म्हणून साठवलं तर चार एमबीच्या आसपास जागा घेतं. एका फ्लॉपीत मावायचं १.४४ एमबी. म्हणजे सुरुवातीला नुसतं बायबल कॉम्प्युटरवर चढवायचं तर फ्लॉप्या बदलत बसावं लागे. मग बायबल अभ्यासाचे प्रोग्रॅम आले : १९९२ मध्ये विंडोजसाठी लोगोस आणि बायबलवर्क्स, १९९४ मध्ये मॅकिंटॉशसाठी अकॉर्डन्स. तेव्हा शब्द टाकला आणि सगळी वचनं समोर आली, एवढ्यानेच लोक हरखून जात. ते काम कागदावर आधीच झालेलं होतं. जेम्स स्ट्राँगने १८९० मध्ये कोणता शब्द कोणत्या वचनांत येतो त्याची शब्दसूची छापली आणि मूळ भाषेतल्या प्रत्येक शब्दाला नंबर दिला. हिब्रूचे नंबर ८६७४ पर्यंत जातात, ग्रीकचे ५६२४ पर्यंत. कॉम्प्युटरने तो जाडजूड ठोकळा एका क्लिकखाली आणला, इतकंच.

त्याचा उपयोग तुम्हाला ठाऊक असणारच. हिब्रू ‘हेसेद’ म्हणजे नंबर २६१७. आपल्या मराठीत तो कुठे ‘दया’ होतो, कुठे ‘वात्सल्य’. स्तोत्र १३६ च्या सव्वीसही वचनांत ‘त्याची दया सनातन आहे’ येतं, ते हेसेदच. मराठी शब्दाने शोधलं तर वात्सल्य निसटतं. नंबराने शोधलं तर एकही निसटत नाही.

पुढची पायरी व्याकरणाची. हे क्रियापद कोणत्या काळातलं, कोणत्या पुरुषातलं, हे हिब्रू आणि ग्रीकच्या प्रत्येक शब्दाला माणसांनी बसून चिकटवलं. आता ‘हा शब्द, पण फक्त आज्ञार्थी’ असं शोधता येतं. स्ट्राँगच्या पुस्तकात ते जमणारं नव्हतं.

आणि इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, ती मला फार आवडते. लेनिनग्राड कोडेक्स नावाची हिब्रू बायबलची हस्तलिखित प्रत आहे, इ.स. १००८ ची. तिचा मजकूर अमेरिकेत कॉम्प्युटरवर चढवला गेला तेव्हा पडद्यावर हिब्रू अक्षरं नव्हतीच. मग काय केलं? बंद कंस म्हणजे आलेफ, उघडता कंस म्हणजे आयिन, डॉलरचं चिन्ह म्हणजे शिन! देवाचं वचन डॉलरच्या चिन्हांनी भरलेलं. आम्ही दुकानात मराठी असंच जुळवायचो. पडद्यावर ‘देव’ दिसायचा, पण पोटात इंग्रजी अक्षरं असायची, फाँटने फक्त मराठीचं सोंग घेतलेलं. युनिकोड आलं, म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा नंबर मिळाला, तेव्हा हिब्रूचीही सोंगं उतरली आणि आपलीही. असा टाइप केलेला मजकूर मग वर्षानुवर्षं तपासला जातो, आवृत्त्यांमागून आवृत्त्यांत चुका दुरुस्त होतात. माझ्या मते खरी सुधारणा ही. ती प्रोग्रॅमच्या कुठल्याही डब्यावर छापलेली नसते, कारण ‘आम्ही आधी चुकलो होतो’ असं डब्यावर कोण छापेल?

उलट ‘हजार पुस्तकं सोबत’ ही सुधारणा समजू नका. त्यातली बरीचशी जुनी, हक्क संपलेली भाष्यं असतात. मॅथ्यू हेन्रीचं भाष्य अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. ते चांगलंच आहे, पण फुकटही मिळतं.

आता वर्गणीचं. लोगोसने २०२४ मध्ये वर्गणीची पद्धत आणली. एकदा पैसे भरा आणि वापरत राहा, हा जमाना सरत चाललाय. त्यात कोणी फसवतंय असं मी म्हणत नाही. विंडोज बदललं, फोन बदलले की प्रोग्रॅम पुन्हा लिहावे लागतात आणि लिहिणाऱ्यांनाही चूल पेटवायची असते. विकत दिलेल्या सीडीवर कंपनी कायम चालेलच असं नाही. बायबलवर्क्ससारखा पंडितांचा लाडका प्रोग्रॅम जून २०१८ मध्ये बंद झाला.

पण तुमच्या पत्रातलं मला टोचलेलं वाक्य वेगळंच आहे : ‘नोंदी त्यातच आहेत.’

माझे सासरे नगरकडचे, गावोगाव सायकलवर फिरून वचन सांगणारे. त्यांच्या अकरा वह्या. मी २००६ मध्ये दुकान बंद झाल्यावर रोज रात्री तासभर बसून त्या एका प्रोग्रॅमच्या नोंदींच्या चौकटीत टाइप केल्या. (प्रोग्रॅमचं नाव विचारू नका, सांगणार नाही.) चौदा महिने लागले. वचनावर क्लिक करा, बाजूला सासऱ्यांचे शब्द. काय मिरवलं होतं मी ते! मग नवी आवृत्ती आली. बटण दाबलं, नोंदी आल्याही, पण चौकटीतला मराठी फाँट नव्या आवृत्तीने गाळला होता. उरला तो पोटातला इंग्रजी अक्षरांचा चिवडा. जुनी आवृत्ती मी मोठ्या उत्साहाने आधीच काढून टाकलेली. वह्या ठेवल्या होत्या म्हणून निभावलं. रूथच्या पानावर सासूबाईंच्या हाताचा हळदीचा डाग आहे, तो मात्र कुठल्याच आवृत्तीत आला नव्हता.

म्हणून पाळकसाहेब, क्रम असा ठेवा. आधी जुन्या प्रोग्रॅममधून सगळ्या नोंदी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये काढा. निर्यातीचं बटण नसेल तर एकेक कॉपी करा. कंटाळवाणं आहे, शब्बाथशाळेतली मोठी मुलं मदतीला घ्या, त्यांनाही तुमचे उपदेश सक्तीने वाचायला मिळतील. त्या फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा, मराठी मराठीच दिसतंय ना. मगच नवं बघा, आणि तेही आधी मोफतचं. विंडोजवर ई-स्वोर्ड, अँड्रॉइड फोनवर अँडबायबल, आणि केंब्रिजच्या टिंडेल हाउसचं स्टेप बायबल, जे ब्राउझरमध्येच चालतं. हिब्रू-ग्रीकचं काम यांच्यात भागत नाही असं सहा महिन्यांनी वाटलं, तर वर्गणी भरा. मुलाला म्हणावं, पहिला हप्ता त्याने द्यायचा. आणि जुनं काढून टाकू नका. जुन्या कॉम्प्युटरचं नेट तोडा आणि कोपऱ्यात चालू राहू द्या.

प्रश्न : मी बिबवेवाडीला राहते, बायबलचं शिक्षण घेते. मराठी बायबलमध्ये ‘दुसऱ्या’ शोधलं तर फोनवर पानभर वचनं येतात, कॉम्प्युटरवर तोच शब्द टाकला की ‘काही सापडले नाही’. बायबल तर एकच आहे!

उत्तर : बाळ, बायबल एकच आहे, र दोन आहेत.

‘दुसऱ्या’तला तो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला वेगळा र घेऊन त्याला हलन्त आणि य. दुसरा, साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही अगदी जुळे भाऊ. कॉम्प्युटरला मात्र ती वेगवेगळी माणसं. मजकूर चढवणाऱ्याने एक प्रकार वापरला आणि तुझ्या कीबोर्डने दुसरा टाकला की संपलं. काही प्रोग्रॅम शोधण्याआधी दोन्ही रूपं एकच धरतात, काही धरत नाहीत. तुझ्या फोनमधला धरत असेल, किंवा योगायोगाने र जुळला असेल.

उपाय सोपा. वचनातलाच शब्द कॉपी करून शोधाच्या चौकटीत चिकटव. नाहीतर नुसतं ‘दुस’ टाक आणि ‘पूर्ण शब्द’ची खूण काढ. दुसरा, दुसरे, दुसऱ्या सगळे येतील.

ही ‘अर्धा शब्द’ची युक्ती मराठीत फार कामाची. इंग्रजीत ‘वॉटर’ बहुतेक ‘वॉटर’च राहतं. आपलं पाणी पाण्याने, पाण्यात, पाण्यावर असं रूप बदलत राहतं. ‘पाणी’ शोधशील तर येशूचा शिष्य पेत्र चालला ते पाणी सापडणारच नाही, कारण तो ‘पाण्यावर’ चालला. ‘पाण’ टाक. पडद्यावर विचित्र दिसेल, पण ‘पाणी’ आणि ‘पाण्यावर’ दोघांची सुरुवात कॉम्प्युटरच्या लेखी तीच आहे.

इंग्रजी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला हे सुचत नाही, त्यात त्याचा दोष नाही. दोष आपला, की आपण कळवत नाही. अँडबायबलसारखे प्रोग्रॅम स्वयंसेवक लिहितात. तक्रार नीट लिहून, दोन्ही र दाखवून पाठवलीस तर कोणीतरी वाचेल. तुझ्या वर्गात मिळून पाठवा. ज्या पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने देशी भाषा कॉम्प्युटरवर आणल्या, तिथल्या मुलींनी एका र साठी हात टेकायचे?

प्रश्न : नव्या प्रोग्रॅममध्ये हिब्रू आणि मराठी शेजारी लावलं. स्तोत्र ५१ मध्ये मराठीचं पहिलं वचन हिब्रूच्या तिसऱ्यासमोर येतं. प्रोग्रॅम बिघडला आहे का? (निवृत्त शिक्षक, कसबा पेठ)

उत्तर : गुरुजी, उलट आहे. प्रोग्रॅम सुधारला आहे. ‘दाविदाचे स्तोत्र, नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला तेव्हाचे’ हा जो मथळा आपण वर बिननंबरी छापतो, त्याला हिब्रूत दोन नंबर आहेत. म्हणून आपलं ते स्तोत्र १९ वचनांचं, त्यांचं २१. जुने प्रोग्रॅम डोळे मिटून एकासमोर एक लावायचे आणि आपण चुकीचं वचन चुकीच्या वचनाशी ताडून पाहायचो. आता बऱ्याच प्रोग्रॅममध्ये या फरकांचा तक्ता आत असतो. हिब्रूत मलाखीच्या पुस्तकाला चौथा अध्यायच नाही. आपला मलाखी ४:१ तिथे ३:१९ आहे. योएलच्या पुस्तकाचं उलटं, आपले तीन अध्याय, त्यांचे चार. तुमचा तक्ता बरोबर आहे का ते या दोन ठिकाणी तपासा. शिक्षकांना प्रश्नपत्रिका काढायला आवडतंच.

प्रश्न : एआयला विचारलं की तो वचन सांगतो. मग हे सगळे प्रोग्रॅम कशाला?

उत्तर : मीही विचारलं होतं. ‘धीरावर मराठी वचन दे’ म्हटल्यावर इतकं गोड वचन आलं की वहीत उतरवलं. मग त्याने दिलेला अध्याय-वचनाचा पत्ता बायबलमध्ये उघडला. तिथे त्या शब्दांतलं काहीच नव्हतं, आणि घरातल्या तिन्ही मराठी भाषांतरांत ते वचन मला सापडलं नाही. वाट विचारायला हरकत नाही, पण घराचा नंबर स्वतः वाचा.

प्रश्न : कपाटात बायबल अभ्यासाच्या जुन्या सात सीड्या आहेत. नव्या लॅपटॉपला सीडीची जागाच नाही. भंगारात देऊ का? (वाचक, वानवडी)

उत्तर : थांबा. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह विचारा, किंवा शेजाऱ्याकडून एका दिवसासाठी मागा. सातही सीड्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. जुन्या सीड्यांचा थर उडतो, उशीर करू नका. पाकिटावर चिकटवलेला लांबलचक नंबर असेल, त्याचा फोटो काढा. तो नंबर नसला तर प्रोग्रॅम सुरूच होणार नाही आणि सीडीचा उपयोग बाल्कनीत दोरीला बांधून कबुतरं हाकलण्यापुरताच. आमच्या सोसायटीत तीन बाल्कन्यांत लटकल्या आहेत. कबुतरं त्यांच्याच शेजारी बसतात.