फायनल एडिट कशी एक्सपोर्ट करावी आणि वर्षानुवर्षं कशी जपावी?

लग्नाच्या-कार्यक्रमांच्या एडिट्स पेनड्राइव्हवर ठेवल्या तर पुरे का, असं तुम्ही विचारलंय. नाही. पेनड्राइव्ह पार्टीला द्यायला ठीक, जपायला नाही.

"एमपी४ दिली, पैसे मिळाले, मास्टरसाठी (पूर्ण दर्जाच्या मूळ कॉपीसाठी) हार्डडिस्क कशाला अडवायची?" असं म्हणणारे नाशकात भरपूर आहेत. आता २०२७चा कुंभ तोंडावर आलाय, तर एका मंडळाला २०१५च्या शाहीस्नानाची फिल्म नव्याने कापून हवी होती. एडिटरकडे उरली होती ती व्हॉट्सअॅपसाठी दाबलेली फाइल. रामकुंडाच्या पाण्यावर नुसते चौकोन, कारण हलतं पाणी कमी बिटरेटला (सेकंदाला कमी डेटा दिला की) सगळ्यात आधी फुटतं. मंडळाचं जुनं नाव चित्रातच छापलेलं, काढता येईना. निवेदन आणि ढोल एकाच ट्रॅकवर, त्यामुळे निवेदन काढलं की ढोलही गेले. त्या वेळी एक जास्तीचा एक्सपोर्ट मारला असता तर हे सगळं वाचलं असतं.

तो एक्सपोर्ट म्हणजे मास्टर: प्रोरेस ४२२ किंवा डीएनएक्सएचआर एचक्यू (दोन्ही कमी दाबलेले, एडिटिंगचे फॉरमॅट), टाइमलाइनच्याच फ्रेम रेटला. १०८०, २५ फ्रेमला प्रोरेस ४२२ तासाला साधारण ५५ जीबी खातं. सोबत बिनटायटलची एक कॉपी, आणि निवेदन, संगीत, लाइव्ह आवाज यांच्या वेगवेगळ्या वेव्ह फाइल्स, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. पार्टीची एमपी४ या मास्टरवरूनच काढा. यूपीएस हवाच, एमपी४ची अनुक्रमणिका सहसा शेवटी लिहिली जाते, मध्येच वीज गेली की फाइल उघडत नाही. मास्टर तयार झाला की आवाजासकट पूर्ण बघा.

नुसत्या कॉपी-पेस्टवर विसंबू नका. टेराकॉपी या कॉपी करायच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हेरिफाय चालू करा, चेकसमची (फाइल बिनचूक आहे का ते तपासायच्या आकड्याची) फाइल शेजारीच ठेवा. दोन हार्डडिस्क, दोन जागी. एका कपाटातल्या दोन डिस्क म्हणजे एकच. गोदेला पूर आला की सराफ बाजार, भांडी बाजारात पाणी शिरतं; तिकडे दुकान असेल तर दुसरी डिस्क सिडकोत किंवा इंदिरानगरला कुणाकडे तरी ठेवा. एसएसडी एडिटिंगला उत्तम, पण वर्षानुवर्षं बंद पडून राहिली तर तिच्यातला चार्ज गळतो.

हां, सहा तासांचे अखंड विधी प्रोरेसमध्ये काढू नका. त्याला ५० मेगाबिटची एच.२६४ चालते. मास्टर हवा तो कापलेल्या फिल्मचा. डिस्कचा खर्च बिलात वेगळ्या ओळीत लावा आणि किती वर्षं जपणार तेही तिथेच लिहा. मग हार्डडिस्क कशाला अडवायची, हा प्रश्नच उरत नाही.