एमजीबी की आल्फा स्पायडर?

तुम्ही इंग्लंडात राहता, पैसे एकाच गाडीपुरते आहेत, गाडी घराबाहेर उघड्यावर उभी राहणार, आणि मन १९६७ची ब्रिटिश एमजीबी की त्याच सालची इटालियन आल्फा रोमिओ स्पायडर, या दोन उघड्या टपाच्या स्पोर्ट्स कारमध्ये अडकलंय. माझं मत: एमजीबी घ्या. आता कारणं सांगताना कौतुक आल्फाचंच जास्त होईल, त्याला इलाज नाही.

नुसते आकडे पाहिले तर सामना एकतर्फी. आल्फाचं इंजिन १५७० सीसी, अॅल्युमिनियमचं, वर दोन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे, म्हणजेच ट्विन-कॅम), दोन वेबर कार्बोरेटर, ताकद १०९ हॉर्सपॉवर. पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. एमजीबीचं इंजिन १७९८ सीसी, पण बिडाचं, पुशरॉडवालं (कॅमशाफ्ट खाली, व्हॉल्व्ह दांड्यांनी ढकलून उघडायचे), ९५ हॉर्सपॉवरचं. गिअर चार, मागे ड्रम ब्रेक आणि स्प्रिंग म्हणून चक्क पाटे.

पण हे बिडाचं इंजिन आपल्या ओळखीचं आहे. ते बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, बी-सिरीजमधलं, आणि आपल्या अॅम्बेसेडरला वर्षानुवर्षं असलेलं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिनही त्याच घराण्यातलं. ब्रिटिशांची रीतच ही: घरगुती सेडानचं इंजिन उचलायचं आणि स्पोर्ट्स कारमध्ये बसवायचं. इटालियनांचं उलटं. त्यांनी आल्फाच्याच ज्युलियासारख्या चार दारांच्या कुटुंबाच्या गाडीलाच ट्विन-कॅम इंजिन आणि पाच गिअर देऊन टाकले. स्पायडर म्हणजे तीच ज्युलिया, लांबीला आखूड केलेली आणि वर पिनिनफरिना या इटालियन डिझाइन कंपनीने बेतलेलं अंग.

चालवताना हा फरक पायाला कळतो. आल्फाचं इंजिन जितकं पळवाल तितकं खुलतं, त्यामुळे साध्या रस्त्यावरही उगाच गिअर बदलावेसे वाटतात. एमजीबी कमी आरपीएमवरच ओढते. पळवली तर नुसता आवाज वाढतो. मला स्वतःला रविवारी सकाळी आल्फाच हवी असते.

मग एमजीबी का? गंजामुळे. दोन्ही गाड्यांना वेगळी चासी नाही, सगळा भार पत्र्यावर. दाराखालचे सिल कुजले की गाडीचा कणाच गेला. एमजीबी पाच लाखांहून जास्त बनल्या, त्यामुळे तिचे पत्रे, सिल, अगदी नवी कोरी अख्खी बॉडीसुद्धा तुमच्याकडे विकत मिळते. आल्फाच्या बाबतीत फ्लोअर आणि स्टेपनीची खोबण सडली, तर चांगला वेल्डर शोधा आणि खिसा मोकळा सोडा. इंग्लंडच्या पावसात, उघड्यावर, हे होणारच.

चाळीस वर्षांपुढच्या गाडीला तिथे सहसा एमओटी (गाडीची दरवर्षीची सक्तीची तपासणी) लागत नाही, म्हणून अलीकडच्या तपासणीचा कागद मिळेलच असं नाही. स्वतः बघा. दार बंद असताना मागची फट वर-खाली सारखी आहे का? सिलवर फडक्यात गुंडाळलेलं चुंबक फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याच्या जागी पुटी भरलेली आहे. तरीही आल्फाच बघायला गेलात, तर गाडी थंड असताना दुसरा गिअर टाकून पाहा. तिचा सिंक्रो (गिअर अलगद बसवणारा भाग) तिथेच आधी जातो. एमजीबी ओव्हरड्राइव्हवाली (वेगात इंजिनाचे आरपीएम खाली आणणारी जास्तीची सोय असलेली) मिळत असेल तर थोडे जास्त पैसे मोजा, मोटरवेवर कान वाचतील.